उपरोध आणि धक्का

लघुकथेची स्तुती करताना 'शेवटी काय चटका दिला आहे!' हे वाक्य आपण इतक्या सढळ हाताने वापरतो, की ज्या कथेच्या शेवटी चटका नाही ती कथाच नव्हे, अशी तरुण लेखकांची समजूत होऊन बसली असल्यास नवल नाही. गेल्या वर्षी एका कथास्पर्धेच्या परीक्षणाचे काम मजकडे आले होते. हस्तलिखितांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो. दहा-बारा कथा वाचून होतात न होतात तोच एक वाईट खोड जडली. पहिले पान वाचावयाचे, डोळे मिटावयाचे आणि शेवटचे वाक्य काय असेल ते ताडावयाचे. वृद्धाश्रमात नेऊन सोडलेल्या बापाने मरण्यापूर्वी घर मुलाच्याच नावे केलेले असावयाचे. चोर म्हणून ज्याला लोकांनी बडविले तो आजारी पोरासाठी औषध घेऊन धावत निघालेला असावयाचा. नायिकेने दारातून हाकलून दिलेली भिकारीण तिची जन्मदात्री निघावयाची. बहुतेक वेळा माझा तर्क बरोबर ठरला, आणि प्रत्येक वेळी मला थोडे अधिक वाईट वाटले. अशाच एका कथेच्या समासात माझ्या सहपरीक्षकांनी 'उपरोध उत्तम साधला आहे' असा शेरा लिहिला होता. तो वाचून मी थबकलो. शेरा चुकीचा आहे असे क्षणभर वाटले, आणि लगेच आठवले की तोच शेरा पंचवीस वर्षे मी स्वतः विद्यार्थ्यांच्या वह्यांत लिहीत आलो आहे.

धक्का आणि उपरोध या दोन वस्तू एकच आहेत काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे. त्याचा थोडा निकाल लावावा, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाविषयी. 'उपरोध' हा शब्द आपण 'आयरनी' या इंग्रजी शब्दासाठी योजतो खरा, परंतु तो त्याला पुरता पुरा पडत नाही. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, कोंडी. मराठीत येता येता त्याला टोचून बोलण्याचा अर्थ चिकटला. उशिरा उठलेल्या सुनेला 'झाली का झोप राणीसाहेबांची?' असे विचारणाऱ्या सासूला कोणी अलंकारशास्त्र शिकविलेले नसते, पण तिचा उपरोध बिनचूक असतो. आपल्या शास्त्रकारांनी या प्रकाराची दखल फार पूर्वीच घेतली आहे. स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती करावयाची ती व्याजस्तुती, आणि शब्दाचा नेमका उलटा अर्थ घ्यावयाचा ती विपरीतलक्षणा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'त जुन्या चालीरीतींच्या समर्थनाचा जो थाट मांडला आहे, तो याच जातीचा आहे. समर्थन जितके जोरदार, तितकी ती चाल अधिक हास्यास्पद. या उपरोधाला मी वाक्याचा उपरोध म्हणेन. अंगरखा उलटा करावा आणि आतले अस्तर दिसावे, तसे त्याचे आहे. एकदा उलटा केला, अर्थ कळला, की काम संपले.

ग्रीकांच्या सुखांतिकांत 'आयरन' नावाचा एक ठरीव इसम असे. आहे त्याहून आपण कमी आहोत असे तो भासवी आणि बढाईखोराला त्याच्याच बढाईत पाडी. प्लेटोच्या संवादांतील सॉक्रेटिसाने आपल्या अज्ञानाची कबुली देऊन भल्याभल्यांना कुंठित केले ते याच युक्तीने. पण त्याच ग्रीकांच्या शोकांतिकांत या प्रकाराने फार खोल रूप घेतले. सोफोक्लीझचा ईडिपस राजा खुन्याला शाप देतो, तेव्हा त्याच्या वाक्याला उलटा अर्थ मुळीच नसतो. तो सरळ मनाने बोलत असतो. आपण शाप देतो आहोत तो स्वतःलाच, हे त्याला ठाऊक नसते आणि प्रेक्षकांस ठाऊक असते. म्हणजे येथे उपरोध शब्दांतून निघून जाणिवेत शिरला. कोणास काय ठाऊक आहे आणि कोणास काय ठाऊक नाही, या दोहोंमधल्या अंतरात तो राहतो. लघुकथेतील उपरोधाचे वर्म मला या अंतरात दिसते. पात्रास ठाऊक असलेले, निवेदकास ठाऊक असलेले आणि वाचकास ठाऊक असलेले, यांची मापे जेथे जुळत नाहीत तेथे उपरोधाला जागा होते. धक्का म्हणजे ते अंतर शेवटच्या क्षणी एकदम मिटविणे. कोणतेही अंतर मिटविता येते. प्रश्न असा, की ते मुळात कशाचे होते.

आता उदाहरणच घेऊ, आणि तेही शेवटच्या धक्क्यासाठी जगभर गाजलेले. मोपासांची 'हार' ही कथा १८८४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ती इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून वाचली असेल. तरी कथानक थोडक्यात सांगतो. शिक्षणखात्यातील एका कारकुनाची देखणी बायको, मातिल्द. तिला वैभवाची हौस आणि दारिद्र्याची लाज. खात्याच्या मंत्र्याकडील समारंभाचे आमंत्रण येते. नवरा बंदुकीसाठी साठविलेले चारशे फ्रँक तिच्या पोशाखासाठी देऊन टाकतो, आणि गळ्यात घालावयास ती श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात ती चमकते. घरी येऊन पाहते तो हार नाही. नवराबायको छत्तीस हजार फ्रँकांचा तसाच हार घेऊन तो मुकाट्याने परत करतात आणि दहा वर्षे कर्ज फेडीत झिजतात. मातिल्दचे रूप जाते, हात राठ होतात, बाजारात सू-सूसाठी भांडणारी बाई ती होते. पुढे एके दिवशी बागेत मैत्रीण भेटते, सगळे सांगणे होते, आणि मैत्रीण म्हणते की तो हार नकली होता. फार तर पाचशे फ्रँकांचा.

ही कथा मी वर्षानुवर्षे शिकविली, आणि 'दैवाने केलेला उपहास' या मथळ्याखाली शिकविली. तिच्यात दैवाचा संबंध फारच थोडा आहे हे मला माझ्या आईमुळे कळले. माझी मुलगी शाळेत असताना तिच्या पुस्तकात ही कथा होती. एका संध्याकाळी मी तिला ती समजावून देत होतो आणि आईला इंग्रजी येत नसल्यामुळे मधून मधून मराठीत सांगत होतो. आई वाती वळीत बसली होती. हार हरवला येथवर आलो तेव्हा तिने विचारले, "अरे, पण तिने त्या मैत्रिणीला सांगितलं का नाही, हरवला म्हणून?"

"सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आई," मी प्राध्यापकी उत्तर दिले.

आईने दोन-तीन वाती वळल्या आणि जरा वेळाने स्वतःशीच म्हणाली, "कोणत्या तोंडाने सांगेल म्हणा! मागून आणलेलं ना." मग तिने आमच्या जुन्या वाड्यातल्या एका बाईची हकीगत सांगितली. ती बाई शेजारणीच्या पाटल्या हातांत घालून लग्नाला गेली होती. पाटल्या हरवल्या वगैरे काही नाहीत. फक्त लग्नघरी कोणीतरी 'नव्या केल्या वाटतं?' असे विचारले आणि तिच्या तोंडून 'हो' निघून गेले. त्या एका 'हो'मुळे पुढे पाच वर्षे ती त्या घराच्या कोणत्याही कार्याला गेली नाही. एवढे सांगून आईने कापसाचा पेळू पुन्हा हाती घेतला.

त्या रात्री मी कथा पुन्हा वाचली, आणि इतकी वर्षे डोळ्यांआड राहिलेल्या काही गोष्टी दिसू लागल्या. मातिल्दने हार मागताच मैत्रीण तो क्षणाचाही विचार न करता देते. खऱ्या हिऱ्यांचा हार कोणी इतक्या सहज देतो काय? हार हरवल्यावर नवराबायको पेटीवरच्या नावावरून सराफाकडे जातात, तर तो सांगतो की आपण फक्त पेटी दिली होती, हार आपला नव्हे. मोपासां अगदी सरळपणे, डोळ्यांसमोर, पुरावा मांडून ठेवतो. आपण तो पाहत नाही, कारण आपणही मातिल्दच्या डोळ्यांनीच पाहत असतो. हार म्हटला की तो खरा, पेटी भारी म्हटली की आतली वस्तू भारी.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. नवा हार परत करावयास मातिल्द जाते तेव्हा तिच्या जिवाचे पाणी पाणी झालेले असते. मैत्रिणीने पेटी उघडली तर? बदल तिच्या लक्षात आला तर? ती आपल्याला चोर तर नाही ना समजणार? मैत्रीण उशीर केल्याबद्दल थोडे फुरंगटून बोलते आणि पेटी न उघडताच ठेवून देते. मातिल्द सुटकेचा निःश्वास टाकते. कथेचा खरा उपरोध येथे आहे. ज्या क्षणाला ती सर्वांत अधिक भीत होती तोच तिच्या सुटकेचा एकमेव क्षण होता. पेटी उघडली असती, मैत्रिणीने खरे हिरे ओळखले असते, 'अगं, हे काय?' असे विचारले असते, तर दहा वर्षांचे आयुष्य वाचले असते. परंतु पहिल्या वाचनात हे आपल्याला कळण्याची सोय नाही. शेवटचे वाक्य वाचल्यावर कथा उलट दिशेने उजळत जाते आणि तिचा उजेड या पेटीपाशी येऊन थांबतो. शेवटचा धक्का म्हणजे दिव्याची कळ. दिवा दुसरीकडे आहे.

आणि पेटी बंद ठेवणारा हात दैवाचा नव्हे. समारंभातून परतताना इतर बायकांच्या लोकरी आवरणांपुढे आपला साधा अंगरखा दिसू नये म्हणून मातिल्द घाईघाईने जिना उतरते; हार हरवतो तो बहुधा त्या घाईत. हरवल्यावर पहिले पत्र जाते ते 'फासा तुटला आहे, दुरुस्तीला दिला आहे' असे. एक लाज दुसऱ्या लाजेला जन्म देते. गरिबीत राहणारा माणूस एक वेळ निर्लज्जपणे 'हरवला' म्हणून सांगून मोकळा होईल, आणि श्रीमंताला त्याचे काही वाटणार नाही. सांगता येत नाही ते मधल्याला. आई ज्या घरांत वाढली आणि आम्ही ज्या घरांत वाढलो, ती सगळी घरे या मधल्यांचीच.

या दृष्टीने ओ. हेन्रीची १९०५ सालची नाताळची कथा पाहावी. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेण्याकरिता बायको आपले केस विकते, आणि तिच्या केसांसाठी कंगवे घेण्याकरिता नवरा ते घड्याळ विकून आलेला असतो. योजना इतकी प्रमाणबद्ध आहे की दाद द्यावीशी वाटते. मला ही कथा आवडते, आणि ती नाकारणारे माझे काही मित्र उगाच कठोर होतात असे वाटते. परंतु ती दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या वेळेहून अधिक काही हाती लागत नाही, हेही खरे. दोघांच्या अज्ञानात कोणाचा दोष नाही, म्हणून ते अज्ञान उघडे पडल्यावर मागे नुसता गोडवा उरतो. स्पर्धेत आलेल्या कथा याच वाणाच्या होत्या. फक्त गोडव्याच्या जागी त्यांत रडे होते.

याच्या अगदी उलट टोकाला चेकॉव्ह. त्याची 'एका कारकुनाचा मृत्यू' ही कथा १८८३ मधली. लेखक तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा, वैद्यकाचा विद्यार्थी. नाटकगृहात बसलेल्या कारकुनाला शिंक येते आणि तिचे तुषार पुढच्या रांगेतील एका बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर उडतात. कारकून माफी मागतो. साहेब म्हणतो, ठीक आहे, काही हरकत नाही. येथे व्यवहार संपला. पण कारकुनाचा जीव थाऱ्यावर येत नाही. तो पुन्हा माफी मागतो, मध्यंतरात मागतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मागतो, पुन्हा जातो. अखेर साहेब खरोखरच भडकून ओरडतो. कारकून घरी येतो, अंगावरचा सरकारी पोशाखही न उतरविता कोचावर पडतो आणि मरतो. त्याला कोणी शिक्षा केली नाही. क्षमा तर पहिल्याच वाक्यात मिळाली होती. क्षमा घेण्याइतकी जागाच त्याच्या मनात उरली नव्हती. साहेबाने तेथे आधीच बस्तान मांडले होते. येथे शेवटाला धक्का म्हणावा असे काही नाही. मरण एका अर्ध्या वाक्यात, जाता जाता येते. पुढे १८९२ साली एका लेखिकेला लिहिलेल्या पत्रात चेकॉव्हने सल्ला दिला होता की दुःखी माणसांचे वर्णन करताना लेखकाने अधिक थंड राहावे, म्हणजे त्या दुःखाला पार्श्वभूमी मिळून ते उठून दिसते. हा सल्ला त्याने स्वतः नऊ वर्षे आधीच पाळला होता. आम्हांला मात्र पहिल्या वाचनी या कारकुनाचे हसूच येते, आणि कचेरीत वरिष्ठांपुढे उभे राहण्याचा प्रसंग आला की त्या हसण्याची आठवण.

मराठीत या जातीचा उपरोध शोधू गेल्यास मला प्रथम चिं. वि. जोशी आठवतात. त्यांना आपण 'विनोदी लेखक' या फडताळात ठेवून दार लावून घेतले आहे. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव नावाचा एक निवेदक निर्माण केला, आणि त्याच्या हाती कथा देऊन आपण बाजूला झाले. चिमणराव कारकून, कुटुंबवत्सल, पापभीरू, आणि आपल्या शहाणपणाविषयी निःशंक. गुंड्याभाऊंना घेऊन तो कोणत्याही उद्योगाला हात घालतो, तो उद्योग कोसळतो, आणि तो सगळा वृत्तांत चिमणराव अत्यंत गांभीर्याने, थोडीशी तक्रार करीत, आपल्याला सांगतो. तो काय सांगतो आहे हे त्याला कळत नाही आणि आपल्याला कळते. त्याच्या वाक्यांत उपरोध औषधालाही सापडणार नाही. सगळा उपरोध त्या वाक्यांच्या आणि आपल्यामधल्या हवेत असतो. चित्रपटाने आणि पुढे दूरदर्शनने चिमणराव घरोघर नेला हे चांगलेच झाले, परंतु पडद्यावर आपण त्याला बाहेरून पाहतो. पुस्तकात त्याच्या 'मी'मध्ये शिरून बसावे लागते. तेथे काही वेळ बसल्यावर वाचकाला शंका येऊ लागते, की आपणही आपल्या घरचे वृत्तांत याच थाटात चारचौघांत सांगत असतो आणि ऐकणारे याच रीतीने ऐकत असतात.

येथवर सर्व ठीक होते. मधल्या माणसाने मधल्या माणसाला हसावे, आणि हसता हसता आरशात पाहावे. उपरोधाची खरी परीक्षा पाहिली जाते ती अंतर केवळ जाणिवेचे न राहता पोटाचे आणि जातीचे होते तेव्हा. प्रेमचंदांची 'कफन' ही १९३५ सालची कथा, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीची. झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतपणाच्या वेणांनी तडफडते आहे, आणि बाहेर माधव व त्याचा बाप घीसू दुसऱ्याच्या शेतातून उपटून आणलेले बटाटे भाजून खात आहेत. आत कोणी जात नाही, कारण जो जाईल त्याच्या वाट्याचे बटाटे दुसरा फस्त करील. बुधिया मरते. कफनासाठी गावातून पाच रुपये जमतात. बापलेक बाजारात जातात आणि संध्याकाळी त्या पैशांची दारू पिऊन, पोटभर पुऱ्या खाऊन, मेलेलीला दुवा देत गात नाचत कोसळतात. जिवंतपणी जिला अंग झाकावयास चिंधी मिळाली नाही तिला मेल्यावर नवे कापड कशाला, असा सवाल घीसू करतो, आणि त्याला उत्तर देणे कोणालाही सोपे नाही.

या कथेत प्रेमचंदांचा निवेदक एके ठिकाणी घीसूची तरफदारी करतो. ज्या समाजात रात्रंदिवस राबणाऱ्यांची दशाही याहून फारशी बरी नाही, तेथे न राबणारा घीसूच अधिक विचारी म्हणावा लागेल, अशा आशयाचे ते विवेचन आहे. ही व्याजस्तुती आहे काय? वर्गात मी कित्येक वर्षे तसे सांगितले. परंतु व्याजस्तुती उलटी करता येते. ही येत नाही. 'घीसू विचारी आहे' हे उलटे करून 'घीसू आळशी व अमानुष आहे' असे म्हणावे, तर हिशेब समोर उभा राहतो, आणि तो हिशेब खरा आहे. सरळ ठेवावे, तर झोपडीतून बुधियाचा आवाज येतो. अंगरख्याच्या दोन्ही बाजू टोचतात. कोल्हटकरांच्या उपरोधाहून हा निराळा आहे तो याच कारणाने, आणि माझ्या मते श्रेष्ठही.

पण या कथेवर दलित लेखकांनी घेतलेला एक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रेमचंदांनी हे बापलेक जातीने चांभार दाखविले आहेत. आक्षेप असा, की उपाशी माणसाचे अमानुषपण दाखविताना ते एका ठराविक जातीच्या दारात का नेऊन ठेवले? वेणा देणाऱ्या स्त्रीला एकटी टाकणारे लोक म्हणून त्याच वस्तीकडे बोट का? पुष्कळ वर्षे या आक्षेपाला माझे उत्तर तयार असे: 'त्यांना उपरोध कळला नाही.' प्राध्यापकांच्या भात्यातील हा एक फार सोयीचा बाण आहे. तो सोडला की समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची गरज राहत नाही. एका वर्षी वर्गात बटाट्यांचा प्रसंग वाचीत असताना मुले हसू लागली. हसणे अगदीच गैर नव्हते, मलाही हसू आले. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तो रागावलेलाही दिसला नाही. नुसता पुस्तकात पाहत राहिला. तास संपल्यावर त्याच्याशी बोलावे असे मनात आले आणि मी बोललो नाही. ती संधी पुन्हा आली नाही.

उपरोध हे दुधारी शस्त्र आहे असे आपण म्हणतो, परंतु त्याची मूठ कोणाच्या हाती आहे हे पाहत नाही. उपरोध लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात एक मूक करार असतो: 'आपल्या दोघांना ठाऊक आहे, त्या तिसऱ्याला नाही.' 'कफन'मधला तिसरा कोण? प्रेमचंदांच्या मनात तो दोन रुपये फेकणारा जमीनदार आणि कफनाला वर्गणी देणारे सत्प्रवृत्त गावकरी असावेत, अशी माझी खात्री आहे. पण माझ्या वर्गाने तिसऱ्याच्या जागी घीसूला बसविले, आणि त्या करारात मी सहीचा धनी होतो. कथा थोर आहे, हे माझे मत बदललेले नाही. आक्षेप घेणाऱ्यांना उपरोध कळला नाही, हे मत मात्र मी सोडले आहे. त्यांना तो आमच्याहून एक पायरी अधिक कळला होता.

ही मूठ दुसऱ्या हाती गेली म्हणजे काय होते, हे बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत दिसते. याच नावाचा संग्रह १९६३ साली निघाला. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला एक शिकलेला तरुण आपली जात सांगत नाही. सोबतचे लोक त्याच्या विद्वत्तेने दिपतात, त्याला मान देतात. आणि जात उघडी पडताच तेच लोक त्याला बेदम मारतात. येथे गुपित ठाऊक आहे ते निवेदकाला आणि वाचकाला. ठाऊक नाही ते बाकी सगळ्या जगाला. मोपासांच्या कथेत आपण मातिल्दबरोबर फसतो; येथे फसलेल्यांकडे आपण निवेदकाच्या शेजारी बसून, छाती धडधडत असताना, पाहतो. त्याला मिळणाऱ्या प्रत्येक नमस्काराबरोबर आपली भीती वाढते, कारण तो नमस्कार कोणत्या अटीवर आहे हे आपल्याला ठाऊक असते. शेवटी मार खाल्लेला तो तरुण म्हणतो की आपल्याला या माणसांनी मारलेच नाही, मनूने मारले. कथेच्या शेवटी चटका हवाच असेल, तर तो असा असावा. त्यात नवी माहिती काहीच नाही. जे पहिल्या पानापासून ठाऊक होते तेच आहे, फक्त आता ते अंगावर उमटलेले आहे.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांतील नियतीविषयी येथे लिहावयास हवे होते, परंतु तो विषय एका परिच्छेदात कोंबण्याजोगा नाही, आणि नियतीवर सगळे लोटण्याच्या सवयीपासून मी नुकताच सुटलो आहे. ते पुन्हा केव्हातरी.

स्पर्धेच्या त्या कथेकडे परत जाऊ. ज्या कथेवर उत्तम उपरोधाचा शेरा होता, ती चोर समजून बडविलेल्या बापाची. सहपरीक्षकांना मी इतकेच विचारले, की मारणाऱ्या लोकांपैकी एकाचे तरी नाव कथेत आहे काय? नव्हते. 'जमाव' एवढेच होते. औषधाची बाटली फुटली, पोर दगावले, आणि जमाव पांगला. वाचकालाही त्याच्याबरोबर पांगण्याची मुभा होती. त्या जमावात एखादा ओळखीचा शेजारी, एखादा शाळामास्तर, एखादा माझ्यासारखा प्राध्यापक असता, आणि त्याने पहिला हात कोणत्या समजुतीने उचलला हे आधी सांगितले असते, तर औषधाची बाटली लेखकाला इतक्या जोरात आपटावी लागली नसती. सहपरीक्षक म्हणाले, आपण फार चिकित्सा करता. कथेला दुसरे पारितोषिक मिळाले. लेखक तरुण आहे, हात बरा आहे, पुढे चांगले लिहील अशी आशा आहे.

त्या संध्याकाळी आईला कथा पुरी सांगून झाली, हार नकली होता हेही सांगून झाले. माझी मुलगी 'बापरे!' म्हणाली, पुस्तकाची अपेक्षाही तीच होती. आईने वाती डब्यात भरल्या, डब्याचे झाकण लावले आणि विचारले, "मग तो खरा हार तिने परत दिला की नाही?"

मोपासांने ते लिहिलेले नाही, असे मी सांगितले.

"लिहायला हवं होतं," आई म्हणाली, आणि दिवा लावावयास उठली.